वरच्या फळीवरचा डबा

“ही गोणी घरी नेऊ नका, ताई,” डॉक्टर मला म्हणाले होते. “संस्थेच्या खोलीतच कुलपात ठेवा.”

मी हसले. आमच्या महिला दूध संस्थेच्या खोलीत दुधाचे कॅन, फॅट काढायचं यंत्र आणि उंदीर असे तिघे राहतात. वरचे पत्रे तापले की दुपारी आत उभं राहवत नाही. माझं स्वयंपाकघर त्याहून दहापट बरं. तसं मी त्यांना सांगितलंही.

“स्वच्छतेचा प्रश्न नाही,” ते म्हणाले. “स्वयंपाकघरात जे असतं ते खायचं असतं, असं घरातलं माणूस धरून चालतं.”

“डॉक्टर, मी बी.एस्सी. झालेय. रसायनशास्त्र घेऊन.”

त्यावर त्यांनी हात जोडल्यासारखे केले, मोटरसायकलला किक मारली आणि पाटोद्याच्या रस्त्याला लागले.

हे २०१९च्या उन्हाळ्यातलं. लिंबागणेश आणि चौसाळ्याच्या मधे आमची वाडी आहे. त्या वर्षी फेब्रुवारीतच विहिरींनी तळ दाखवला होता आणि वाडीतली निम्मी जनावरं चारा छावणीत बांधलेली होती. छावणी घरापासून दीड मैलावर. माझ्या सासूबाई, दगडाबाई, दिवसातून दोनदा तिथं चालत जायच्या. आमची कपिली गाय तिथं होती. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून पुढं आत्याच म्हणते. माझे यजमान एसटीत कंडक्टर, दिवसाआड घरी. घरात आत्या, मी आणि तेरा महिन्यांची यशू.

यशूबद्दल मी जरा जास्तच करते, हे मला मान्य आहे. ती किती घोट पाणी प्यायली, किती वेळा शिंकली, उजव्या कुशीवर किती झोपली, सगळं माझ्या डोक्यात असायचं. पाणी टँकरचं, म्हणून दोनदा उकळायचे. आत्या म्हणायच्या, “अगं मित्रा, लेकराला सांभाळतीस का राखण करतीस?” माझं नाव संघमित्रा. एवढं लांब नाव घ्यायला आत्यांना सवड नसते.

मार्चमध्ये कपिली व्याली. वासरू दिसायला चांगलं, पण उठेना. मागचे पाय टेकायचं, थरथरायचं आणि बसकण मारायचं. आत्यांनी जुन्या लुगड्याची झोळी करून त्याच्या पोटाखाली घातली आणि दोन दिवस त्याला आचळापाशी धरून उभं केलं. छावणीत त्या महिन्यात अशी चार वासरं जन्मली होती. दोन गेली.

तेव्हा जनावरांचे डॉक्टर भारत सांगळे आले. त्यांनी वासराच्या मांड्या दाबून पाहिल्या, गाय काय खाते विचारलं.

“ऊस,” आत्या म्हणाल्या. “सकाळी ऊस, सांजच्याला ऊस. हिरवं न्हाई का वाळलं गवत न्हाई. पाच म्हैने झाले.”

“म्हणजे पोट भरतंय, पण आंगात काही पडत नाही,” डॉक्टर म्हणाले. “मावशी, जमिनीत सेलेनियम नावाचं एक द्रव्य असतं. लई थोडं. ते वैरणीतून गाईत आणि गाईतून वासरात उतरतं. ते आणि हिरव्या चाऱ्यातलं ई जीवनसत्त्व, दोन्ही कमी पडलं की वासराचे स्नायू पांढरे पडतात. मग पाय धरत नाहीत.”

त्यांनी त्याच द्रव्याचं इंजेक्शन मांडीत दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या भाकरी घेऊन छावणीत गेल्या, तर वासरू आपल्या पायांवर उभं राहून शेपूट हलवत पीत होतं. झोळी बाजूला पडलेली. आत्या तशाच घरी परत आल्या, भाकरी न खाता, मला सांगायला. “उभं ऱ्हायलं गं! थेंबभर औषध, आन् उभं ऱ्हायलं!”

आत्यांचा तो चेहरा मी नीट पाहिला असता, तर पुढचं कदाचित टळलं असतं.

त्यानंतर संस्थेत ठरलं की, वासरं पडायची वाट बघायची नाही. गाभण आणि दुभत्या गाईंच्या आंबोणात हे द्रव्य आधीच मिसळायचं. अध्यक्ष गीताबाई, गावातल्या मोठ्या घरच्या. मी सचिव, वस्तीतली. आमचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं जायला वाडीला बरीच वर्षं लागली होती. आता ते ओतलं जात होतं आणि त्याचा आम्हा दोघींनाही अभिमान होता. डॉक्टरांनी दहा किलोची गोणी मागवून दिली. आत खडूच्या भुकटीत कालवलेलं सेलेनियम. दर पंधरवड्याला त्यातलं दोन किलो घ्यायचं, आधी थोड्या कोंड्यात मिसळायचं, मग तो कोंडा जास्त कोंड्यात, मग क्षारांच्या मिश्रणात. तीनदा. एकदम ओतलं तर एका गाईच्या वाट्याला काहीच नाही आणि दुसरीच्या वाट्याला ढीग. गोणी पाळीपाळीने एकेकीच्या घरी ठेवायचं ठरलं. पहिली पाळी मीच मागून घेतली.

पहिल्या मिसळणीच्या दिवशी मी बायकांना समजावून सांगितलं. खरं सांगायचं तर व्याख्यानच दिलं. इतक्या वर्षांनी शिक्षणाचा उपयोग होत होता, मी सुटलेच.

“हे द्रव्य कुणी खाणीतून मुद्दाम काढत नाही,” मी म्हणाले. “तांबं शुद्ध करताना तळाला गाळ बसतो, त्यातून हे निघतं. म्हणजे जगात तांबं जेवढं शुद्ध होईल, तेवढंच हे मिळणार. काचेच्या कारखान्याला हेच लागतं, आपल्या गाईलाही हेच. फिनलंड नावाचा देश आहे, तिथली जमीन यात इतकी गरीब, की सरकार खतातच ते घालून शेतात टाकतं. मग ते गव्हात येतं, गवतात येतं, दुधात येतं.”

“आन् आपल्या जिमिनीत?” सत्यभामानं विचारलं. तिच्या दोन म्हशी छावणीत होत्या.

“आपल्याकडे शेताशेताला वेगळं. कुणी फारसं तपासलेलं नाही.”

“आपल्या जिमिनीत पानीच न्हाई, ह्ये कुठून येतंय,” गीताबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

मी पुढं सांगत राहिले. “हे फक्त जनावरांचं नाही. माणसालाही तेच लागतं. स्नायूंना, रक्ताला, गळ्यातल्या ग्रंथीला. अंड्यात असतं, मासळीत असतं, मटणात असतं. आपण भाकरी आणि चटणीवर राहतो, आपल्याला कमी पडत असेल तर नवल नाही.”

आत्या मागं भिंतीला टेकून, गुडघे चोळत बसल्या होत्या. त्या वेळी त्यांचे पाय फार दुखत. दीड मैल जायचं, दीड मैल यायचं, दोनदा. त्या एवढ्या लक्ष देऊन ऐकत होत्या, की मला बरं वाटलं. आपली सासू आपलं भाषण ऐकतेय, कुणाला आवडणार नाही?

किती लागतं, ते मी सांगितलं नाही. एका ग्रॅमचे वीस हजार भाग करावेत आणि त्यातला एक भाग दिवसाला पुरावा, एवढंसं. त्याच्या आठपटीपुढं गेलं की उलटायला लागतं. ते मला माहीत होतं. पण तेवढ्यात यशू रडली आणि मी व्याख्यान आवरलं.

गोणीतली भुकटी मी पत्र्याच्या डब्यात भरली आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली. ठेवण्याआधी यशूला कडेवर घेऊन तिचा हात वर करून पाहिला. पोचत नव्हता. पाटावर चढली तरी पोचणार नव्हता. झालं, मी निर्धास्त झाले.

एप्रिल गेला, मे आला. छावणीत नवी वासरं जन्मत होती आणि उभी राहत होती. डॉक्टर खूश, गीताबाई खूश. मी तर वहीत प्रत्येक वासराची तारीख आणि ते किती वेळात उठलं ते लिहीत होते.

घरातही मी सगळं टिपत होते, पण माझी नजर यशूच्या उंचीवर लागलेली. एकदा यशूच्या वरणभातात केस सापडला. पांढरा, लांब. मी आत्यांना म्हणाले, “आत्या, डोक्याला फडकं बांधत जा ना. लेकराच्या घशात केस अडकला म्हणजे?” दुसऱ्या दिवसापासून त्या फडकं बांधायला लागल्या. घर झाडताना केरात केसांचे पुंजके यायचे, ते मी चिमटीत धरून बाहेर टाकायचे. उन्हाळा आहे, वय आहे, असं धरलं.

मग यशू आत्यांकडं जाईना. आत्या घ्यायला वाकल्या की ती नाक मुरडून तोंड फिरवायची. आत्या हसायच्या, “रुसली बघ माझी बाई.” मला वाटलं, फडक्यामुळं ओळखत नसेल. मी जवळ गेले की मलाही आत्यांच्या श्वासाला लसणाचा वास यायचा. मनात म्हटलं, चटणी जास्त खातात.

घरात तीन आठवडे लसूण नव्हता. मीच आणला नव्हता.

पाचव्या मिसळणीला मी डबा काढला. आठ किलो वापरलं होतं, दोन किलो उरायला हवं होतं. तराजूवर एक किलो आठशे सत्तर भरलं. पुन्हा टाकलं, तेवढंच.

“घुशीनं खाल्लं असंल,” सत्यभामा म्हणाली.

“झाकण घट्ट आहे,” मी म्हणाले.

गीताबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं, मग तराजूकडं. “सांडलं असंल बाई. दे सोडून. चिमूटभर माती ती.”

मला ते सोडता येईना. चोर शोधायचा म्हणून नाही. ती भुकटी कुठंतरी गेली होती, आणि माझ्या घरात एक रांगणारं लेकरू होतं. मी मिसळण सत्यभामावर सोपवून घरी आले. अकरा वाजले असतील. आत्या दारात कपिलीच्या वासराचं दावं सोडत होत्या. ते आता चांगलं दांडगं झालं होतं, म्हणून त्याला घरी आणलं होतं. गाठ सुटेना. त्यांनी नख घालून ओढली आणि एकदम हात झटकला.

“काय झालं?”

“काई न्हाई. नख उचकटलं.”

मी त्यांचा हात धरून उजेडात नेला. अंगठ्याचं नख मुळापासून सुटून लोंबत होतं. बाकीच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा, काही ठिकाणी पापुद्रे. हा हात माझ्या घरात रोज भाकरी थापत होता. लसणाचा वास आला. मी फडकं मागं सारलं. टाळूवर विरळ पडलेलं, मधूनमधून कातडं दिसत होतं.

केस, नखं, वास. हे तिन्ही एकत्र मी पुस्तकात वाचलेलं होतं. अगदी त्याच पानावर, जिथून व्याख्यान तयार केलं होतं.

“आत्या, वरच्या डब्यातली भुकटी...”

त्यांनी हात सोडवून घेतला आणि मान खाली घातली.

“यशूला दिलीत?”

हा पहिला प्रश्न होता माझा. तो मला आजही मागं घ्यायचा आहे.

आत्यांनी मान वर केली. “न्हाई,” त्या म्हणाल्या. “लेकराला कावून देईन? तू उंच ठिवलीस तवाच कळलं, लेकराचं न्हाई ते.”

“मग?”

“मीच घ्यायचे. अर्धा चमचा, सकाळी, पान्यासंगं. वासरू उभं ऱ्हायलं की. म्हनलं, आपले बी पाय धरतील.”

“किती दिवस?”

“पाडवा झाला तवापासून.”

मी मनात हिशेब केला. दोन महिने. रोजच्या अर्ध्या चमच्यात माणसाला चाळीस दिवस पुरेल इतकं. माझा आवाज चढला, तो भीतीनं चढला होता. “अहो, पण मला विचारायचं! मी म्हणाले होते ना, अंड्यात असतं म्हणून? घरात रोज अंडं उकडतंय!”

“अंडं यशूचं हाय,” आत्या अगदी शांतपणे म्हणाल्या. “दूध डेअरीचं. मटन आनलं तर पोरगा ज्या दिवशी घरी असंल त्या दिवशी. मी कुनाच्या ताटातलं उचलू? ती भुकटी तेवढी कुनाच्या तोंडची नव्हती.”

वासरू दाव्याला हिसके देत होतं. मी जाऊन ते सोडलं. दुसरं काय करावं ते काही क्षण सुचलंच नाही.

मग मात्र सगळं भराभर सुचलं. तो माझा स्वभावच आहे; भीती वाटली की हात चालू लागतात. डॉक्टर सांगळ्यांना फोन लावला. त्यांनी “मी म्हणालो होतो” असं एका शब्दानं म्हटलं नाही. म्हणाले, “गोणीवरचं लेबल घ्या, डब्यातली थोडी भुकटी कागदात बांधा आणि बीडला माणसांच्या डॉक्टरकडं घेऊन जा. आजच. आणि किती, किती दिवस, ते आकडे लिहून न्या.” मी यशूला कडेवर घेतलं, आत्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधली आणि चौसाळ्याहून दुपारची गाडी धरली.

गाडीत आत्या खिडकीला बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “मित्रा, एक सांगू? रागावशील.”

“सांगा.”

“भामाबाईला पुडी दिलती. तिचे बी गुडघे दुखतेत.”

भामाबाई म्हणजे वस्तीच्या टोकाला राहणारी आत्यांची मैत्रीण, आत्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, एकटी. मी गाडीतूनच सत्यभामाला फोन केला. “आत्ताच्या आत्ता भामाबाईकडं जा. पुडी माग. खाल्ली का विचार. नखं बघ.” वीस मिनिटांनी तिचा फोन आला. ती हसतच बोलत होती.

“पुडी हाय, आढ्याला खोसलेली. म्हातारी म्हनती, येकदा जिभंला लावली, खडूवानी लागली. दगडाबाईला वाईट वाटंल म्हनून टाकली न्हाई. नखं बघितली, माझ्यापरीस बरी हायेत.”

आत्या ऐकत होत्या. “बघ, मेली. आन् मला म्हनली, लई गुन आला.”

त्या दिवशी पहिल्यांदा मी हसले.

बीडच्या डॉक्टरांनी सगळं नीट ऐकलं, रक्त पुण्याला तपासायला पाठवलं, हृदयाचा आलेख काढला. तो ठीक होता. “याला उतारा नाही,” ते म्हणाले. “बंद करायचं, हेच औषध. शरीर हळूहळू बाहेर टाकील. वास आधी जाईल, मग नखं येतील, केस सगळ्यात शेवटी. आणखी दोन महिने गेले असते तर हातापायांच्या नसांचं मला सांगता आलं नसतं.” मग त्यांनी आत्यांच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि मला विचारलं, “या जेवतात काय?”

मला ते माहीत नव्हतं. यशू काल दुपारी किती घास जेवली ते मी सांगू शकले असते.

“जेवते की,” आत्या म्हणाल्या.

“काल रात्री काय जेवलात?”

“भाकर.”

“कशाशी?”

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: रक्त फार कमी. “पाय त्यामुळं धरत नाहीत,” ते म्हणाले. “त्याला वासराचा रोग व्हावा लागत नाही, उपाशीपण पुरतं.”

पुढच्या बैठकीत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. गीताबाई नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, “चारचौघीत कावून बोललीस गं? घरातलं घरात ऱ्हायलं असतं. आता सचिवाच्या घरातच इख खाल्लं म्हनतील.”

“पुढच्या पाळीला डबा तुमच्या घरी येणार होता,” मी म्हणाले. “तुमच्याकडं पण सासूबाई आहेत.”

त्यांनी थोडा विचार केला. दुसऱ्या दिवशी स्वतः उभं राहून संस्थेच्या खोलीत लोखंडी पेटी बसवून घेतली. दोन कुलपं, दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. एकटीला उघडताच येत नाही. आणि मी व्याख्यान पुन्हा दिलं, या वेळी किती लागतं तिथून सुरुवात करून. भुकटी तळहातावर घेऊन दाखवली आणि म्हणाले, ही गाईची आहे. आपलं अंड्यात आहे.

मिसळण आम्ही थांबवली नाही. का थांबवावी? छावणी उठेपर्यंत जन्मलेली अकराही वासरं उभी राहिली. चूक द्रव्याची नव्हती. चूक फळीची होती, आणि ताटाची.

आमच्या घरात आता दोन अंडी उकडतात. पहिले आठ दिवस आत्या आपलं अंडं फोडून अर्धं यशूच्या ताटात सरकवायच्या. मी समोर बसून राहायचे, पूर्ण संपेपर्यंत. “आता माझी राखण लावलीस व्हय?” त्या म्हणायच्या. हो, लावली. राखण करता येते मला, जरा वर बघून करायची होती, एवढंच. आम्ही तिघी एकाच वेळी जेवायला बसतो. हे लिहायला जेवढं सोपं, तेवढं करायला नव्हतं. महिन्यात वास गेला आणि यशू पुन्हा त्यांच्या मांडीवर चढली. दिवाळीला अंगठ्यावर नवं नख पूर्ण आलं, गुलाबी. केस आखूड आले आहेत. आत्या म्हणतात, पोरीवानी दिसते मी. छावणी उठली, तरी त्या रोज चालायला जातात, आता भामाबाईला बरोबर घेऊन.

तुम्ही हे वाचत असाल तर एक काम करा. तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी जेवायला बसणारं जे कुणी असेल, आई असेल, सासू असेल, काकू असेल, तिचा हात धरून तिला दारात उजेडाला न्या आणि नखं बघा. मग विचारा, काल काय जेवलीस? ती म्हणेल, जेवले की. तिथं सोडू नका. कशाशी जेवलीस, तेही विचारा. आजच विचारा.